चौथ्या पटावरचा बुर्ज

नूतनने सकाळी साडेसातला जाहीर केलं की तिला ताप आहे. थर्मामीटर तिच्याशी सहमत नव्हता.

“अठ्ठ्याण्णव पॉइंट चार,” नरेंद्र ओव्हाळ थर्मामीटर खिडकीकडे धरून म्हणाला.

“आतून आहे,” त्याची बायको म्हणाली. “चार वर्षं तुमच्या चौथ्या पटावर बसून आतून आलाय. यंदा मी पोहे करते. पोह्यांत अजून कुणी मला हरवलेलं नाही.”

स्पर्धा नरेंद्रनेच काढलेली. त्याचे वडील अण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी: ‘शिवराम ओव्हाळ स्मृती कुटुंब चषक’. एका घरातले चार खेळाडू, चार पट, चौघांत निदान एक बाई. सून चालेल, जावई चालेल, लग्न झालेली लेक माहेरकडून किंवा सासरकडून चालेल, पण एका वर्षी एकाच बाजूने. प्रत्येक पटाला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. चषक कायम आपल्याच घरी राहील असं नरेंद्रने गृहीत धरलं होतं. पहिल्या वर्षी ओव्हाळ बारा घरांत नववे आले. दुसऱ्या वर्षी आठवे; त्याला तो प्रगती म्हणाला. गेली दोन वर्षं चषक बदलापूरच्या भोईरांकडे होता, त्यांच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी.

“मेलेल्या नवऱ्याचं नाव कोरलेलं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायला मला दरवर्षी रिक्षाने आणतोस,” चांगुणा मुलाला म्हणत असे. “भाडं तरी त्यांच्याकडून घे.”

आणि भोईर म्हणजे नुसते भोईर नव्हते. ते धाकट्या सुनेचं, वैष्णवीचं माहेर होतं. नऊ वर्षांपूर्वी वैष्णवीने कल्याणला रजिस्टर ऑफिसात जाऊन मिलिंदशी लग्न केलं. आगऱ्याची पोर बौद्धाच्या घरी गेली म्हणून तिच्या बापाने, जनू भोईरने, तिच्याशी बोलणं बंद केलं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत; नळ बंद करावा तसं. व्याह्याच्या नावाचा चषक न्यायला मात्र तो दोन वर्षं स्वतः येत होता. “कप बघाचा,” तो म्हणे, “नाव नाय बघाचा.” या दोन्ही वर्षी वैष्णवी त्या दिवशी दुकान सांभाळायला उल्हासनगरातच थांबली होती.

यंदा नूतनच्या आतल्या तापामुळे ती आली.

“येतं ना तुला?” नरेंद्रने तिला विचारलं होतं.

“अण्णांनी शिकवलंय,” वैष्णवी म्हणाली. 

अण्णांची शेवटची दोन वर्षं डावी बाजू लुळी पडली होती. ते मिलिंदकडे होते, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत. नरेंद्र दर रविवारी फळं घेऊन जायचा आणि तासाभराने निघायचा. वैष्णवी दुपारभर त्यांच्यासमोर बसायची. त्या दुपारी तिथे काय काय शिकवलं गेलं, याची चौकशी कोणी केली नाही.

चिखलोलीच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून, सकाळपासून चार फेऱ्या झाल्या. वैष्णवीने चारही डाव जिंकले. चारही वेळा पटावर सोंगट्यांची गर्दी असतानाच तिने मात दिली, कोणाचं फारसं काही न मारता. नरेंद्रची मुलगी मैत्रेयी, जी एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासायची आणि सवयीने सगळ्याच गोष्टींची नोंद ठेवायची, तिने वहीत लिहिलं: ‘काकी. सरासरी एकवीस चाली. मोहऱ्यांची मारामार टाळते. का?’

त्या ‘का’चं उत्तर शोधायला तिला वेळ मिळाला नाही. शेवटच्या फेरीला दोन घरं न हरता पोचली होती. भोईर, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना ओव्हाळ. भोईर एकूण गुणांत अर्ध्याने पुढे होते. म्हणजे ही लढत दोन-दोन अशी सुटली, तरी चषक त्यांचाच.

“जिंकायलाच लागणार,” नरेंद्र म्हणाला. “अडीच पाहिजेत.” मग त्याने भोईरांची यादी उलगडली आणि लगेच पुन्हा घडी केली. भोईरांचा कर्णधार, वैष्णवीचा भाऊ धर्मेश, पहिल्या पटावर होता. चौथ्यावर नाव होतं जनू भोईर.

“बाबांना जेवणानंतर झोप लागते,” धर्मेश पलीकडून म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. “म्हणून चौथ्यावर. मला काय माहीत तुम्ही ताईला आणणार ते.”

मिलिंदने मोठ्या भावाला खांबामागे ओढलं. “दादा, क्रम बदल. मी चौथ्यावर बसतो. तिला बापासमोर बसवू नको.”

“क्रम सकाळी दिलेला बदलता येत नाही. नियम आहे.”

“नियम तूच लिहिलाय ना, यार!”

“म्हणूनच.”

“जिंकली तर तिकडचा दरवाजा कायमचा बंद. हरली तर तूच म्हणशील, माहेरासाठी सोडला डाव. दोन्हीकडून तिचीच वाट लागणार.”

“मी कशाला म्हणेन?” नरेंद्र म्हणाला, पण किंचित उशिरा.

वैष्णवी मागेच उभी होती. “मी बसते,” ती म्हणाली. “नऊ वर्षं त्यांच्यासमोर बसायची वाट बघतेय. आता हे मिळालंय तर हे.”

*

जनूने हात पुढे केला तो पंख्याकडे बघत. वैष्णवीने तो हातात घेतला. अंगठ्याजवळ विळ्याची जुनी खूण तशीच होती. पंच ऋताने घड्याळं सुरू केली: दोघांनाही वीस-वीस मिनिटं, दर चालीमागे वाढीव एक सेकंदही नाही.

बाबा वाईट खेळत नव्हते, पण रागाने खेळत होते. वैष्णवीला तो राग ओळखीचा होता. शाळेत असताना तिला सायकल शिकवताना ते असेच जोरात ढकलायचे. अकराव्या चालीला त्यांनी उंट इतक्या जोरात ठेवला की शेजारच्या पटावरचा घोडा आडवा पडला.

“हळू,” ऋता म्हणाली. ती बदलापूरचीच, चोवीस वर्षांची, परीक्षा देऊन पंच झालेली. आवाज बारीक होता, पण ती तो दोनदा वापरत नसे.

विसाव्या चालीला बाबांचा एक हत्ती गेला. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि मग आपला हात पटावरून पुढे केला. नजर पुन्हा पंख्यावर.

वैष्णवीला कळलं. बरोबरी मागतायत. बरोबरी झाली तर कोणाचाच दरवाजा बंद होणार नव्हता. पण नियमाप्रमाणे ती तोंडाने मागावी लागते, आणि तिला ते तोंड उघडायला हवं होतं.

“बोलून विचारायचं असतं,” ती हळूच म्हणाली.

जनूने हात मागे घेतला. मान वळवली. “पंचबाय, तिला सांगा, बरोबरी देतंय मी.”

“मी निरोप पोचवत नाही,” ऋता म्हणाली. “समोर बसल्यात. त्यांनाच सांगा.”

“तुमी सांगा.”

“नाही.”

“मंग राहू दे.”

एवढ्या संवादात नरेंद्र धावत येऊन चौथ्या पटामागे उभा राहिला होता. कर्णधाराला खेळाडूशी फक्त एवढंच बोलता येतं: बरोबरी घे, किंवा घेऊ नको. डावाबद्दल एक शब्द काढला तर बाहेर. “घेऊ नको!” तो म्हणाला.

“कोणी दिलेलीच नाही,” ऋता म्हणाली. “मागे व्हा.”

*

प्रेक्षकांच्या खुर्च्यांत दुसऱ्या रांगेत चांगुणा बसली होती आणि तिच्या बाजूला एक खुर्ची सोडून वेणू भोईर, वैष्णवीची आई. नऊ वर्षांत दोन विहिणी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. वेणू दुपारी नवरा झोपला की लेकीला चोरून फोन करायची. त्या फोनमागे चांगुणाचं खोकणं तिला ऐकू यायचं. तेवढ्यावर ती तिला ओळखत होती.

“खोकला कसा हाय आता?” वेणूने विचारलं.

चांगुणाने तिच्याकडे पाहिलं आणि मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. वेणू सरकून बसली.

“तुमचा माणूस नेहमी असाच बसतो? लाकडासारखा?”

“लाकूर तरी जलतं,” वेणू म्हणाली. “तुमचे कसे होते?”

“फार बोलायचे. कंपनीच्या कॅन्टीनात बुद्धिबळ खेळायचे आणि हरले की घरी येऊन तीन दिवस सांगायचे की कसे जिंकले असते. शेवटी जीभ जड झाली, तर तुमच्या पोरीने ऐकलं. मी नाही ऐकलं. मी चाळीस वर्षं ऐकलं होतं.”

समोर एकेक डाव संपत होता. नरेंद्र पहिल्या पटावर धर्मेशकडून सतराव्या चालीला वजीर घालवून हरला, आणि हरल्यावर आपण तो मुद्दाम दिला होता असं समजावू लागला. मैत्रेयीने दुसरा पट जिंकला. मिलिंद तिसऱ्या पटावर घामाघूम होऊन बरोबरीत सुटला. “साला दिमाग का दही हो गया,” तो म्हणाला आणि नूतनच्या पोह्यांकडे गेला.

दीड-दीड. उरला चौथा पट.

दोन्ही घरं त्याच्याभोवती गोळा झाली. पटावर आता फार काही उरलं नव्हतं. वैष्णवीकडे राजा आणि हत्ती. जनूकडे राजा आणि एक काळं प्यादं. ते वजीर व्हायला तीन घरं बाकी. वैष्णवीच्या घड्याळात पाच मिनिटं, जनूच्या घड्याळात सात.

आणि वैष्णवीचा हत्ती त्या प्याद्यावर रोखलेला होता. त्याला वाचवणारं कोणी नव्हतं. फक्त उचलायचं.

वैष्णवीने हत्ती उचलला, प्यादं सोडलं आणि राजाला शह दिला.

“हं?” नरेंद्र म्हणाला.

जनूचा राजा बाजूला झाला. तिने दुसरा शह दिला. राजा आणखी कडेला. मग तिने आपला राजा पुढे घेतला, आणि जनूला मोकळी चाल मिळताच त्याने प्यादं पुढे ढकललं. दोन घरं बाकी.

हत्ती पुन्हा प्याद्याच्या मागे आला. पुन्हा ते मारता येत होतं. पुन्हा तिने सोडलं.

नरेंद्र खांबामागे गेला, कारण पटाशेजारी बोलायला बंदी होती. मिलिंद पोह्यांची बशी घेऊन त्याच्या मागोमाग. मैत्रेयीही गेली, कारण हे दोघं खांबामागे गेले की मध्ये कोणीतरी लागायचं.

“बघितलंस?” नरेंद्र दात आवळून म्हणाला. “दोनदा! फुकटचं प्यादं दोनदा सोडलं!”

“काहीतरी प्लॅन असेल.”

“प्लॅन? एक प्यादं आहे त्याच्याकडे, एक! ते मारलं की संपलं. बापाला सोडतेय ती. चषक माहेरी चाललाय, मिलिंद, तुझ्या डोळ्यांदेखत.”

“मघाशी काय म्हणत होतास? ‘मी कशाला म्हणेन’?”

“ते दुपारी म्हणालो होतो.”

“दादा, ऐक,” मिलिंदने बशी खांबाच्या कठड्यावर ठेवली. “अण्णांचं अंग दोन वर्षं तिने पुसलं. तू मोसंबी आणायचास. मोसंबीवाल्याने तिच्यावर शक घ्यायचा नाही.”

“मोसंबीचा इथे काय संबंध?”

“काका, पप्पा,” मैत्रेयी म्हणाली, “ती बापाला सोडत नाहीये. सोडायचं असतं तर शह कशाला देईल? ती त्यांच्या राजाला कोपऱ्यात नेतेय. मात करायला बघतेय, पण प्यादं जिवंत ठेवून. हे मुद्दाम जास्त अवघड काम आहे.” तिने वही उघडली, सकाळची ओळ वाचली: ‘मोहऱ्यांची मारामार टाळते. का?’ “चारही डावांत हेच. तिला समोरच्याचं सगळं मारायचंच नाहीये. आजीला विचारते.”

आजीला विचारावं लागलं नाही. चांगुणा खुर्चीतून अर्धी उठली होती, तोंडावर हात धरून.

“अगं बाई. बुर्ज,” ती म्हणाली.

“काय?”

“बुर्ज गं. तुझ्या आजोबांचा खेळ. त्यांच्या कॅन्टीनात समोरच्याचा राजा एकटा उरला, बाकी सगळं मेलं, की डाव तिथंच थांबायचा. त्याला बुर्ज म्हणायचे. ना हार ना जीत. म्हणून शेवटचं प्यादं कधी मारायचं नाही. ते जिवंत असताना मात द्यायची, तरच जिंकलं. तुझ्या बापाला पुस्तकातून शिकायचं होतं, त्याने हे ऐकलंच नाही. हिला तेच शिकवलंय वाटतं.”

वेणू मान हलवत होती. “आमच्या गावात पन तसाच. जुने लोक तसेच खेलाचे.”

मैत्रेयीने डोळे मिटले. “म्हणजे तिला वाटतंय प्यादं मारलं की बरोबरी. आणि बरोबरी झाली की चषक गेला.”

“मग सांगा तिला कोणीतरी!” मिलिंद म्हणाला.

“सांगता येत नाही,” नरेंद्र म्हणाला. “कर्णधार बरोबरीबद्दलच बोलू शकतो.”

“हे बरोबरीबद्दलच आहे!”

नरेंद्रला हे पटल्यासारखं झालं. तो पटाकडे निघाला, पण ऋताने नुसती भुवई वर केली आणि तो वाटेतच बूट बांधायला बसला. त्याच्या पायात सँडल होत्या.

*

काळं प्यादं आता शेवटच्या घराच्या दाराशी होतं. पुढच्या चालीला वजीर.

वैष्णवीचा हत्ती त्याच्या मागे, त्याच रांगेत. चाल तिची. घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद.

मात एका चालीने चुकली होती. तिने दोनदा मोजून पाहिलं होतं. बाबांचा राजा कोपऱ्यापासून एक घर लांब राहिला. अण्णा असते तर उजव्या हाताने गादीवर थापटी मारून म्हणाले असते, घाई केलीस. आता मारलं तर बुर्ज. नाही मारलं तर वजीर, म्हणजे हार. बुर्जाने अर्धा गुण, हारीने शून्य, आणि दोन्हींत चषक भोईरांचा. दोन्हींत नरेंद्रदादा तेच म्हणणार, माहेरासाठी सोडला डाव. पण बुर्जात बाबा हरत नाहीत, तीही हरत नाही. ते बरं होतं. बरं होतं म्हणूनच तिचा हात उठेना; आपण हे घरासाठी करतोय की बापासाठी, हे तिचं तिलाच सांगता येईना.

दोन मिनिटं तीस. दोन मिनिटं. दीड.

जनू भोईर तिच्या हाताकडे बघत होता. त्याला तिसऱ्यांदा सोडलं जात होतं. आधी त्याला वाटलं, पोरीला दिसलं नसेल. मग वाटलं, दिसलं असेल. आता सगळं क्लब हाऊस बघत होतं, त्याचा पोरगा बघत होता, आणि ही समोर बसून त्याच्या प्याद्यावर माया करत होती. हिच्या दयेवर तो चषक घरी नेणार? गणपतीशेजारी ठेवणार?

“घे ना ता प्यादा!”

सगळे दचकले. सगळ्यांत जास्त जनू.

“घे!” तो आता थांबूच शकला नाही. “कवाची सोरतेस मना! भीक देतेस काय? मना नको तुजी भीक! मार!”

“बाबा!” धर्मेश ओरडला. “तुम्ही कोणाकडून खेळताय?”

“तू गप रे!”

“बाबा,” वैष्णवी म्हणाली. “मारलं तर बुर्ज होईल ना.”

“बुर्ज?” जनू म्हणाला.

ऋताने घड्याळं थांबवली. “काळ्याला ताकीद. प्रतिस्पर्ध्याशी बोलायचं नाही. पांढऱ्याला एक मिनिट वाढवून. आणि तुम्हाला नियम विचारायचा असेल तर मला विचारायचा.”

वैष्णवीने तिला विचारलं, “यांचा राजा एकटा उरला, तर डाव थांबतो ना?”

“नाही. चालू राहतो. मात केली तर तुम्ही जिंकता.”

“पंच सांगतायत तिला!” धर्मेश म्हणाला.

“नियम सांगतेय. चाल सांगत नाहीये. घड्याळ सुरू.”

अडीच मिनिटं. वैष्णवीने प्यादं मारलं. जनूचा राजा पटावर एकटा उरला, आणि तिच्या लक्षात आलं की याच्यापुढचं तिला काहीच येत नाही.

दोन वर्षांच्या दुपारी अण्णांनी तिला घोड्याने कात्री कशी लावायची ते शिकवलं, वजीर कधी सोडायचा ते शिकवलं, हरल्यावर कसं खोटं बोलायचं तेसुद्धा. पण एकट्या राजाला हत्तीने मात द्यायला त्यांनी कधी शिकवलं नाही, कारण त्यांच्या खेळात तिथवर डाव पोचतच नसे. मैत्रेयीला ते झोपेत करता आलं असतं. सोळा चाली, फार तर. ती दोन हात काखेत दाबून उभी राहिली, म्हणजे चुकून खुणा होऊ नयेत.

वैष्णवीने शह दिला. राजा सरकला. तिने दुसरा दिला. राजा परत आला. जनू आता भराभर खेळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी दुसरंच होतं, डोळे बारीक करून तो पटाकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिने रांग अडवली, राजा पुढे आणला, रांग सोडली. चाळीस सेकंद. राजा कडेला गेला. एक रांग उरली. सतरा सेकंद. तिचा राजा एक घर तिरका पडला. मागे घेतला. नऊ. परत पुढे. चार.

हत्ती उचलला आणि घड्याळाने शून्य दाखवलं.

“वेळ!” धर्मेशने दोन्ही मुठी वर केल्या. “वेळ संपली! जिंकलो! अडीच!”

नरेंद्र खाली बसला, यावेळी बूट वगैरे न बघता.

“थांबा,” ऋता म्हणाली. तिने घड्याळ बघितलं, पट बघितला. “पांढऱ्याची वेळ संपली. पण काळ्याकडे नुसता राजा आहे. नुसत्या राजाने कधीच मात करता येत नाही. ज्याच्याकडे मात करायला काही नाही, त्याला वेळेवर जिंकता येत नाही.” तिने कागदावर लिहिलं. “बरोबरी.”

धर्मेशच्या मुठी खाली आल्या.

“म्हणजे बुर्ज,” चांगुणा म्हणाली.

“तसं नाव नाही आजी.”

“नाव नसेना का. राजा एकटा उरला, ना हार ना जीत. आमच्या माणसाचा नियम लावलास तू. फक्त वळसा घालून आलीस.”

मैत्रेयी वहीत काहीतरी लिहू लागली आणि तिला हसू आवरेना. प्यादं मारलं नसतं तर वजीर झाला असता, आणि मग वेळ संपून काकी सरळ हरली असती.

नरेंद्र उठला. तोंड उघडलं. दोन-दोन, म्हणजे चषक भोईरांचा, तिसऱ्या वर्षी, आणि कारण त्याच्या समोर बसलेलं होतं.

“बोल,” चांगुणा म्हणाली. “बोल ना. चूक कोणाची ते सांग. ज्याने शिकवलं त्याचा फोटो माइकशेजारी ठेवलाय. हार घातलाय तूच. त्याच्याशी भांड. सुनेला एक शब्द बोललास तर पुढच्या वर्षी मी वेणूबाईंच्या घरून खेळेन.”

“तसं चालत नाही आई, नात्याचा नियम—”

“मी विहीण आहे. लिही नियम.”

नरेंद्रने अण्णांच्या फोटोवरचा हार सरळ केला. मग थोड्या वेळाने वैष्णवीच्या दिशेने, पण तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत, म्हणाला, “सकाळचे चार डाव चांगले खेळलीस.” मिलिंदने उरलेले पोहे त्याच्या हातात दिले.

*

बक्षीस समारंभाच्या खुर्च्या लागल्या. जनू भोईर उठला नाही. वैष्णवीही उठली नाही. तिला उठायचं होतं, पण समोरचा माणूस अजून बसलेला होता आणि त्याची मान खाली होती.

“तुना बुर्ज कोनी शिकवला?” त्याने पटाला विचारलं.

“सासऱ्यांनी.”

“म्हंजे तू मना सोरत नव्हतीस.”

“नाही.”

“प्यादा जित्ता ठेवून मात देनार होतीस.”

“हो.”

“पुरी मात. अख्ख्या घरासमोर.”

“हो, बाबा.”

जनूचे खांदे हलू लागले. वैष्णवीला आधी वाटलं, बापाला त्रास होतोय. ती पुढे झुकली. मग तिला दिसलं की तो हसतोय, आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांच्या कडा ओल्या होईपर्यंत. “दया नव्हती,” तो म्हणाला. “तरीच म्हनलं! मना वाटला पोरगी शहरात जाऊन मऊ परली.”

माइकवरून नरेंद्रने विजेत्या घराच्या प्रमुखाचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा वेणू पदर खोचून उठली. “त्ये नाय येनार आता,” ती म्हणाली आणि स्वतःच स्टेजवर गेली. चांगुणाने चषक तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. दोघी तो धरून काहीतरी बोलत राहिल्या, आणि फोटो काढणाऱ्या धर्मेशला तीनदा थांबावं लागलं.

जनूने सगळ्या सोंगट्या हाताने पटाबाहेर लोटल्या.

“मांड,” तो म्हणाला. “पहिल्यापासनं. माजा हत्ती गेला तवा तुजा घोरा कुठं होता?”

वैष्णवीने पांढरा घोडा उचलून ठेवला. “इथं.”

“तिथं नव्हता.”

“इथंच होता, बाबा.”

“मी सांगतंय ना, नव्हता!”